हवा आत ओढणारी पेटी

पायऑर्गन दुरुस्तीला आला की मी आधी त्याची मागची फळी काढतो आणि हात न घालता आत टॉर्च मारतो. कारण उंदीर. ऑर्गनच्या पोटात अंधार असतो, ऊब असते, कुरतडायला लोकरीची बनात असते आणि वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही. उंदराला आणखी काय पाहिजे? अमेरिकेतल्या कारखानदारांनाही हा ताप होताच. काही जुन्या ऑर्गनांच्या पायट्यांवर 'माउस प्रूफ' अशी अक्षरं उठवलेली असतात. आमच्या नेवासे-शेवगावकडच्या उंदरांना इंग्रजी येत नसावं.

घरट्याखाली बाकीचा ऐवज निघतो. बाजरीचे दाणे, हेअरपिना, दहा पैशांची नाणी, 'उपासना-संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहाचं अर्धं पान, एखाद्या लग्नाची पत्रिका. हे सगळं मी एका डब्यात भरून ऑर्गनबरोबर परत करतो. कोणी हसतं, कोणी पत्रिकेवरची तारीख वाचून गप्प बसतं. मग नेहमीचा प्रश्न येतो: "मिस्त्री, वाजन का हे परत?"

मी सुताराच्या घरातला. वडील दारं-चौकटी करायचे, आजोबा बैलगाड्या. मी पुण्याला पेटी बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी केली आणि नगरला परत येऊन तोफखान्यात दुकान टाकलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागतो.) पोट भरतं ते भजनी मंडळांच्या पेट्यांवर. भाता फुटला, सूर बसला, पट्टी अडकली, ही कामं बारा महिने चालू असतात. ऑर्गन मात्र अधूनमधून येतो, जागा अडवतो, पैसे कमी देतो आणि बाकीची सगळी कामं बाजूला सारायला लावतो.

नगर जिल्ह्यात हे ऑर्गन आले कुठून, असं लोक विचारतात. अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं 1831 साली. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये इथूनच निघालं. पुढे ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक नगरला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त नगर आणि राहुरी पानोपानी भेटतात. या मिशनचं मुख्य ठाणं अमेरिकेत बोस्टनला, आणि ऑर्गन बनवणारी मेसन अँड हॅम्लिन ही मोठी कंपनीही बोस्टनचीच. दुसरी मोठी कंपनी एस्टी, तीही तिथून फार लांब नाही, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची. एकट्या एस्टीने पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. त्यातले काही पेट्यांत भरून बोटीने मुंबईला आणि तिथून घाटावर आले, यात नवल नाही. मिशनरी गेले, वाद्यं राहिली. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं, त्यामुळे आमच्याकडच्या चर्चमध्ये ऑर्गनशेजारी तबला आणि टाळ असतात. बोस्टनच्या कारागिराने हे स्वप्नातही आणलं नसेल.

ऑर्गनचा दुसरा वारसा संगीत नाटकाचा. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि त्यांच्या सोबतीला ऑर्गन. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात गवयाच्या आवाजाखाली सलग, भरलेला सूर धरून ठेवायला ऑर्गनसारखं दुसरं वाद्य नाही. हातपेटीचा सूर टोकदार, तो गाण्याबरोबर धावतो. ऑर्गनचा सूर गोल, तो गाण्याखाली जमीन अंथरतो. ज्यांनी गोविंदराव पटवर्धनांना दोन्ही वाजवताना ऐकलं त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

हा फरक येतो कुठून, हे मला पहिला ऑर्गन उघडल्यावर कळलं. हातपेटीत आपण भात्याने हवा दाबतो आणि ती सुरांतून, म्हणजे पितळी जिभांतून, बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये नेमकं उलटं. पाय मारले की भाता आतली हवा बाहेर फेकतो, पोटात पोकळी होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरातून आत ओढली जाते. हार्मोनियम फुंकते, ऑर्गन श्वास घेतो. आवाजाचा मऊपणा थोडा यातून येतो, बाकीचा सुराच्या घडणीतून. आणि नगरमध्ये ऑर्गन मुके का होतात, याचंही उत्तर यातच आहे. हवा आत ओढायची म्हटल्यावर तिच्याबरोबर धूळही येणार. आमच्याकडे पाऊस कमी, उन्हाळा लांब, आणि गावातल्या चर्चच्या खिडक्या रस्त्याकडे. बारीक मातीचा एक कण पितळी जिभेच्या कडेला अडकला तरी सूर बोलत नाही. निम्मे ऑर्गन बिघडलेले नसतात, नुसते धुळीने गप्प झालेले असतात.

काही वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातल्या एका चर्चचा ऑर्गन माझ्याकडे उघडून पडला होता. पाच सप्तकं, 61 पट्ट्या, सुरांचे दोन संच, म्हणजे 122 सूर. त्याच सुमारास नगरमधल्या नाट्यसंगीताची आवड असलेल्या मंडळातले एक काका दुकानात आले. निवृत्त शिक्षक, आवाज अजून खणखणीत. त्यांनी गुडघ्याने ढकलायची दांडी हलवून बघितली, दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "अगदी असाच आम्हाला नवा करून द्या." पाळकसाहेबांची माप घ्यायला हरकत नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं, "नाताळच्या आधी आमचा परत लागेल."

'अगदी असाच' म्हणणं सोपं आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी सुधारणा तयार होत्या. भात्याला मोटर लावा. पेटी प्लायवुडची करा, हलकी होईल. पालिताण्याचे सूर घाला, तयार मिळतात. सगळे सूर एका मापाच्या खोबणीत बसवा, कशाला एकेकाला वेगळी खोली कोरत बसता? माझ्याच धंद्यातला एक दोस्त म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला जे सुचलं तेच करणार असशील, तर मधल्या शंभर वर्षांत तू काय शिकलास?"

याचं उत्तर मला पुण्यात एका वेगळ्याच वाद्याने दिलं. पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे हार्प्सिकॉर्ड आहे. पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य. पट्ट्या आहेत, पण आत हातोडी नाही. पट्टी दाबली की एक सडपातळ लाकडी काडी वर उचलली जाते. तिच्या डोक्याजवळ एक छोटी हलती जीभ, आणि जिभेत पिसाच्या दांडीचा टोकदार तुकडा. तो तारेला छेडून वर जातो. काडी खाली येताना जीभ मागे झुलते, म्हणून परतीच्या वाटेवर तार दुसऱ्यांदा छेडली जात नाही. वरच्या बनातीच्या तुकड्याने तार थांबते. पीस पूर्वी कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचं असे, आणि जीभ जागेवर आणायला डुकराच्या राठ केसाची कमान. आता दोन्हींच्या जागी बहुतेक प्लास्टिक असतं. बाईंना एक काडी अडकते म्हणून माणूस हवा होता. मी ती काडी हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत बसलो. तोळ्याचाही भार नाही, आणि एकही भाग उगाच नाही.

या वाद्याची गोष्ट बाईंनी सांगितली. पियानो आला आणि हार्प्सिकॉर्ड अडगळीत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना तो पुन्हा हवासा झाला, तेव्हा तो पियानोवाल्यांनी बनवला. पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने 1912 साली वांडा लांडोव्हस्का या प्रसिद्ध वादिकेसाठी मोठा हार्प्सिकॉर्ड केला. लोखंडी चौकट, जाड तारा, पिसाऐवजी चामडं, पायाशी पेडलं. मजबूत, टिकाऊ, सुधारलेला. पण ज्या नाजूक वाद्यासाठी जुन्या लोकांनी संगीत लिहिलं, त्याचा आवाज त्यातून येईना. मग 1949 साली फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड या दोघांनी कारखाना काढला, आणि तोही बोस्टनला. (माझ्या धंद्याचं सगळं बोस्टनलाच का घडतं, देव जाणे.) त्यांनी संग्रहालयांतले जुने हार्प्सिकॉर्ड मोजले. अँटवर्पच्या रुकर्स घराण्याने सोळाव्या-सतराव्या शतकात केलेली वाद्यं बघितली. पातळ लाकूड, हलका सांगाडा, कमी ताण, लोखंडाचं नाव नाही. जसं होतं तसं केलं, तेव्हा आवाज परत आला. हबर्डचं पुस्तक 1965 साली निघालं, आणि त्यानंतर जुन्या नमुन्यावर बनवणं हीच जगभर रीत झाली.

माझं मत तिथे पक्कं झालं. जुन्या वाद्यातली एखादी गोष्ट का केली आहे हे कळत नसेल, तर ती आधी जशीच्या तशी करायची. कळल्यावर बदलायची की नाही ते ठरवायचं. न कळता बदललं तर आपण काय घालवलं हेही कळत नाही. माझ्या दोस्ताच्या प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं. त्याला ते पटलं नाही, चहा मात्र त्याने घेतला.

म्हणून मी 122 खोल्या कोरल्या, प्रत्येक वेगळ्या लांबीची आणि खोलीची. कोरताना कारण कळत गेलं. खर्जाच्या सुराला लांब खोली लागते, तारेच्या सुराला जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आणि माप जमलं की सुराची किनार मऊ होते. एकाच सुरावर खोली थोडी उथळ करून बघितली, तर तो हातपेटीसारखा ओरडू लागला.

सुरांचा प्रश्न मोठा होता. आपल्या पेटीचे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात, उत्तम बनतात, आणि पूर्वीच्या जर्मन सुरांची उणीव त्यांनीच भरून काढली. पण ते लाकडावर स्क्रूने बसतात आणि त्यांची जीभ बहुतेक सपाट असते. ऑर्गनचा सूर स्क्रूशिवाय, लाकडातल्या बारीक खाचेत सरकवलेला असतो. बाहेर काढायला एक आकडा येतो, त्याने मागच्या खाचेत धरून ओढायचा. आणि त्याची जीभ सपाट नसते. टोकाकडे किंचित वाकवलेली, किंचित पिळलेली. डोळ्याला दिसत नाही, उजेडासमोर धरली तर कळते. सगळा गोडवा त्या पिळात आहे. तो पीळ घालणारे हात आता कारखान्यात नाहीत. तेव्हा सूर आणायचे कुठून? मेलेल्या ऑर्गनांतून. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणि कोकणातल्या एका घरातून मी असे सूर गोळा केले. यात एक पथ्य पाळतो. ज्याचं लाकूड वाळवीने खाऊन भुसा झालं आहे, त्याचेच सूर घ्यायचे. वाजू शकेल असा ऑर्गन दुसऱ्यासाठी फोडायचा नाही. असं फोडून विकणारे लोक आहेत आणि मला त्यांचा राग आहे.

सूर लावण्याचं काम मी रात्री करतो, रस्ता शांत झाल्यावर. आकड्याने सूर ओढून काढायचा. जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवायची, म्हणजे जीभ वाकत नाही. सूर चढवायचा असेल तर टोकाकडे अगदी हलकी कानस फिरवायची, उतरवायचा असेल तर मुळाकडे. पितळेची पूड फुंकून टाकायची. मग थांबायचं. हाताच्या उबेने पितळ गरम होतं आणि सूर उतरलेला ऐकू येतो. घाईने ऐकलं तर तो उतार खरा वाटतो, आपण आणखी कानस चालवतो, आणि थंड झाल्यावर तो चढलेला निघतो. टोकाचं पितळ गेलं ते गेलं. म्हणून सूर परत बसवून मी उठतो, दाराशी उभा राहतो, पाणी पितो, मग ऐकतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे थांबणंच जमत नाही. कानस सगळे शिकतात.

आणि सूर लावायचे तरी कोणत्या पट्टीला? आज 'ए' हा स्वर 440 हर्ट्झ हे प्रमाण धरतात, पण ते ठरलं 1939 साली. जुने ऑर्गन त्याआधीचे, कोणी वर, कोणी खाली. चर्चच्या ऑर्गनला मी हात लावत नाही, त्याची पट्टी त्याच्यापाशी. नव्या ऑर्गनला तबला आणि बासरी जुळवायची असते, तो 440 ला.

श्रुतींचं काय, असं एखादा जाणकार विचारतोच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि बावीस श्रुतींच्या मागे लागले. 1910 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. पुढे ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते उघडायला 1971 उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. ठरलेल्या बारा सुरांत मींड नाही आणि गंधार थोडा टोचतो. पण मी सुतार आहे, मला उलट बाजूही दिसते. हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्या बाई वाजवण्याआधी दर वेळी तारा स्वतः लावतात, आपल्या तंबोऱ्यासारखं. त्यांना हव्या त्या जुन्या पद्धतीचे स्वर त्या मिळवू शकतात. ऑर्गनला ती सोय नाही, तो एकदा लावला की वर्षानुवर्षं तसाच. पण म्हणूनच तो जून महिन्यात गावातल्या चर्चमध्ये कोणी न बघता उभा राहतो आणि नाताळला वाजतो. काकांचा गंधार ऑर्गनपेक्षा किंचित खाली लागतो, आणि गाताना ते तो ऑर्गनच्या सुरावरून अलगद घसरवतात. ऐकणाऱ्याला ते बरंच वाटतं.

जिथे मी बदल केला ती गोष्ट हवेची. मूळ ऑर्गन दमट, थंड देशात बनला. नगरचा मे महिना त्याला माहीत नव्हता. चर्चच्या ऑर्गनची सुरांची फळी सरसाने चिकटवलेली होती आणि उन्हाळ्यात आकसून तिला केसाएवढी भेग पडली होती. तेवढ्या भेगेतून भाता रिकामा होत होता. नव्या ऑर्गनला मी तिथे चामड्याची पट्टी आणि स्क्रू दिले: वैशाखात आवळायचे, आषाढात अर्धा फेरा सैल करायचे. लाकूड घेतलं ते पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं. नगरमध्ये वाडे रोज पडतात, त्यांचं सागवान शंभर उन्हाळे सोसून बसलेलं असतं, आता ते नव्या लाकडाइतकं आकसणार नाही. खिळे काढताना करवतीची पाती गेली, तो खर्च वेगळा. बाकी सांध्यांना मात्र सरसच वापरला. पांढऱ्या गोंदाचा सांधा उघडायचा तर लाकूड फाटतं. सरसाला गरम पाण्याची वाफ दिली की तो सुटतो. पुढच्या मिस्त्रीला हा ऑर्गन उघडावा लागणारच, त्याचा विचार आताच केलेला बरा.

मोटर लावली नाही. काकांच्या मंडळातले वादक आधी कुरकुरले, मग त्यांना कळलं की पाय हाच या वाद्याचा जीव आहे. पाय हलका केला की सूर खाली बसतो, जोर दिला की फुगतो, आणि गुडघ्याने दांडी ढकलली की झडप उघडून आवाज मोकळा होतो. दोन्ही हात सुरात गुंतलेले असताना भाव पायात आणि गुडघ्यात असतो. 'व्हॉक्स ह्युमाना' नावाचा एक खटका असतो, त्याने सुरांच्या तोंडाशी हवेवर फिरणारा पंखा सुरू होतो आणि आवाज थरथरतो. तोही केला. नाट्यगीतात तो कोणी ओढत नाही. चर्चमध्ये मात्र कोणाच्या अंत्यविधीला तो ओढायची प्रथा आहे, म्हणून चर्चच्या ऑर्गनचा पंखाही आधी नीट करून दिला. ऑर्गन नाताळच्या आधी पोचला.

या कामात पैसा नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बटण दाबलं की 'ऑर्गन' येतो, पाय दुखत नाहीत, उंदीर शिरत नाही, आणि हातात उचलून नेता येतो. ज्याचं तेवढ्यावर भागतं त्याने कीबोर्डच घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. नवा ऑर्गन करायला लागणारा वेळ आणि मिळणारी रक्कम यांचं गणित मी वहीत मांडतच नाही. पण जे आहेत ते वाचवायला फार खर्च लागत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या चर्चमध्ये, शाळेच्या अडगळीत, जुन्या नाटक मंडळाच्या खोलीत किंवा आजोबांच्या घरी पायऑर्गन असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी कोणा पेटी करणाऱ्याला दाखवा. वाजत नाही म्हणून तो मेला असं समजू नका, बहुतेक वेळा धूळच असते. लाकडाला ऑइलपेंट मारू नका. पट्टी अडकते म्हणून आत तेल सोडू नका, तेलावर धूळ बसली की ती निघत नाही. वरचे सूर आकड्याशिवाय स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आणि पायट्यांच्या फटीला आजच जाळी ठोका.